आईने माळ काढून ठेवली आहे

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात. त्यांचं माहेर फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवर आहे. आई 64 वर्षांची, माळकरी. अठरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलेली. धाकट्या भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर झाला. दोन वर्षं पुण्यात उपचार चालले, आजार एकदा हटला, पुन्हा उलटला, आणि गेल्या माघात ती गेली. गेल्या आषाढीला ती दवाखान्यात होती म्हणून आईची वारी राहिली. मुलगी गेल्यावर दहावं झालं आणि त्या रात्री आईने गळ्यातली तुळशीची माळ काढून डब्यात ठेवली, विठोबाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. हरिपाठ बंद, एकादशी बंद, बीपीच्या गोळ्याही बंद. एकवेळ जेवते. एका रात्री पुटपुटली, "माझी वारी चुकली आणि पोर गेली." भावाचा पाच वर्षांचा मुलगा देवघरासमोरून जायला घाबरतो. नातेवाईक नारायण नागबळी करा म्हणतात, चुलत्याने एका देवऋष्याचं नाव सुचवलं आहे. ताईंचे यजमान म्हणतात, "देव नाही हे एकदाचं कळलं त्यांना, बरं झालं." भावाला वाटतं, यंदा आईला वारीला पाठवली की सगळं ठीक होईल. ताई विचारतात: आईची श्रद्धा परत कशी आणायची? आणि पालखी दारावरून जाईल त्या दिवशी काय करायचं?

ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली जवळजवळ सगळी जागा श्रद्धेने घेतली आहे आणि गोळ्यांना अर्धं वाक्य मिळालं आहे. मी गोळ्यांपासून सुरुवात करते. रक्तदाबाच्या गोळ्या अशा अचानक बंद केल्या की दाब एकदम चढू शकतो. त्यात जेवण एकवेळ, झोप नाही, आणि वय 64. हे या आठवड्यात मार्गी लावायचं काम आहे. गावातल्या डॉक्टरांना घरी बोलवा, दाब तपासून घ्या, जुनीच गोळी चालू करायची की बदलायची ते त्यांना ठरवू द्या. मग भावाला सांगा, रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आईसमोर उभं राहायचं आणि ती गिळेपर्यंत हलायचं नाही. देवाची शपथ घालायची नाही. नातवाची तर मुळीच नाही.

दुसरी गोष्टही आधीच सांगते, कारण खेड्यातल्या घरात ती विसरली जाते. "तिच्याऐवजी मला का नाही नेलं" असं नात गमावलेली प्रत्येक आजी म्हणते, त्याने हादरून जाऊ नका. पण "मी आता नाही राहणार", "माझं सगळं आवरून ठेवलंय" अशी भाषा सुरू झाली, किंवा ती दागिने, पासबुक कुणाच्या हवाली करू लागली, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवायची. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या माणसांनीही फोन केला तरी चालतो. मुलगी जाऊन सहा महिने उलटल्यावरही आईचं खाणंपिणं, उठणंबसणं असंच अडलेलं राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लांबलेलं दुःख हा उपचार करण्यासारखा त्रास आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आता मान्य झालं आहे. "वेड लागलंय का तिला" असं कुणी म्हणेल, म्हणू द्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही गृहीत धरलं आहे की आईची श्रद्धा गेली. मला तसं दिसत नाही. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याची तसबीर माणूस माळ्यावर टाकतो, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकतो. आईने ती तिथेच ठेवली, फक्त तोंड फिरवलं. हा अबोला आहे, आणि अबोला परक्याशी धरत नाहीत. आईच्या संप्रदायाला तर रुसवा मुळीच नवा नाही. पंढरपूरची कथाच रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली इथून सांगतात. देव तिला शोधत तिथे आला, आणि आजही त्या मंदिरात दोघांचे गाभारे वेगळे आहेत. जनाबाईचा एक अभंग विठ्ठलाला 'विठ्या' म्हणत, त्याचं मढं काढत सुरू होतो आणि "उभी राहूनि अंगणीं । शिव्या देत दासी जनी" इथे संपतो. वारकऱ्यांनी तो लपवला नाही. तुकोबांच्या गाथेत तर "माझे लेखीं देव मेला" आहे, आणि पुढे "गोष्टी न करीं नांव नेघें । गेलों दोघें खंडोनी". बोलणार नाही, नाव घेणार नाही, आपलं तुटलं. तुमची आई हरिपाठ बंद करून हेच करते आहे. ज्या माणसाने हे म्हटलं त्याची पालखी दरवर्षी देहूहून निघते.

त्यामुळे तिची समजूत घालू नका. तसबीर सरळ करू नका, ती झोपलेली असताना तर नाहीच. तुम्ही एकदा तसं केलं आणि सकाळी ती पुन्हा उलटी दिसली, असं लिहिलं आहे. आईने तुम्हाला उत्तर दिलं आहे ते. माळ ज्या डब्यात आहे तिथेच राहू द्या. ती पुन्हा घालायची असेल तर कधी, कुणाच्या हातून, हे तिला ठाऊक आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तिची श्रद्धा परत यावी असं नक्की कुणाला वाटतंय, हेही मला विचारावंसं वाटतं. राग मानू नका. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की तुम्ही देवापुढे हात जोडता ते दिवाळीला आणि घरी गेल्यावर. भावाचंही तसंच. आई मात्र सगळ्यांच्या वाटची पूजा करत होती. तिने हरिपाठ म्हटला की घरातल्या बाकीच्यांनी म्हटल्यासारखंच होतं. ती थांबली आणि तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचं काहीतरी सरकलं. हे दुःखही खरं आहे, पण ते तुमचं आहे. आईने आपल्यासाठी पुन्हा पहिल्यासारखं व्हावं ही अपेक्षा तिच्यावर आणखी एक ओझं टाकते. तुम्हाला दिवा लावावासा वाटत असेल तर तुम्ही लावा, पुण्याच्या घरी, तिच्या नावाने नव्हे, स्वतःच्या.

मला खरी काळजी वाटते ती त्या रात्रीच्या पुटपुटण्याची. "माझी वारी चुकली आणि पोर गेली." पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. कारण याचा अर्थ आई देव नाही असं मानत नाही. देव आहे, तो वही घेऊन बसला आहे, आणि आजीची एक वारी चुकली म्हणून त्याने नात उचलली, असं ती मानते. आणि त्या हिशोबात गुन्हेगार ती स्वतः आहे. गोळी न घेणं, एकवेळ जेवणं ही मला शिक्षा भोगल्यासारखी वाटतात. तिने काही नवस बोलला होता का, हेही बघा. बोलला असेल आणि फेडायचा राहिला असेल, तर तोही या हिशोबात धरलेला असेल. उपदेश न करता विचारा: "आई, तू काही बोलली होतीस का गं देवाला?" आणि मग गप्प बसा. ती रडली तर रडू द्या, पाणी आणायला उठू नका.

या वहीवाल्या देवाला उत्तर द्यायचं तर ते बाहेरून चालणार नाही, तिच्याच घरातून द्यावं लागेल. तुम्ही लिहिता, अठरा वर्षांत वारी कधी चुकली नाही. पण 2020 आणि 2021 साली तर सगळ्यांचीच चुकली होती. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, लाखो वारकरी घरी बसले. कुणी त्याला पाप म्हटलं नाही. आईनेही नसेल म्हटलं. अंगणात उभं राहून कळसाच्या दिशेने हात जोडले असतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा चालू लागली असेल. मग दवाखान्यात नातीच्या उशाशी काढलेली आषाढी तेवढी पाप कशी? अरणच्या सावता माळ्यांची गोष्ट तिला माहीत असणार. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असंच परंपरा सांगते. आषाढीला संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, पण सावतोबांची येत नाही, पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. हे ज्या आईने कीर्तनात अनेकदा ऐकलं, तिला आता त्यातलं एकही अक्षर आठवत नाही. असं होतं.

आणि चोखोबा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. साल 1338 सांगतात. विठ्ठलाचं नाव ज्याच्या श्वासात होतं असा माणूस. ज्याला जिवंतपणी मंदिराची पायरी चढू दिली नाही असा माणूस. हिशोबाचा देव खरा असेल तर चोखोबांच्या खात्यावर काय बाकी होतं? वारकऱ्यांनी तो प्रश्न तसा विचारलाच नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. भिंत का पडली याचं उत्तर त्या परंपरेतही सापडत नाही. मेलेल्या माणसाला अपराधी ठरवायचं नाही एवढं मात्र तिथे सापडतं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

मुलं का मरतात याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी थोडी लांब बसते. दहाव्याच्या घाटावर प्रवचनाला आलेल्या महाराजांनी तुमच्या भावजयीसमोर "पोर मेलें बरें झालें" ही तुकोबांची ओळ सांगितली आणि ती उठून गेली, असं तुम्ही लिहिलं आहे. तिने अगदी योग्य केलं. ती ओळ तुकोबांनी स्वतःच्या पोराबद्दल म्हटली. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची बायको अन्न अन्न करत गेली, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. इतकं सगळं गेल्यावर एखादा माणूस स्वतःबद्दल जे बोलतो ते दुसऱ्याने उचलून परक्या आईच्या पदरात टाकायचं नसतं. "मना त्वांचि रे पूर्वसंचित केलें" हेही तसंच. रामदासांनी ते स्वतःच्या मनाला सांगितलं आहे, शेजारणीच्या नव्हे. पूर्वजन्म, कर्म, देवाला आवडणारी माणसं लवकर जातात, वरती तिचीच गरज होती, हे सगळं बोलणाऱ्यांना तुम्ही थोरली बहीण म्हणून थांबवू शकता. भांडायची गरज नाही. "काका, आत्ता नको" एवढं म्हणा आणि चहाचं विचारा. भाऊ आणि भावजय हे करू शकत नाहीत, त्यांच्यात तेवढा जोर उरलेला नाही. हे काम तुमचं.

तुमच्या यजमानांनाही हेच सांगा. देव नाही असं ते मानत असतील तर त्यांना तो पूर्ण हक्क आहे, आणि एरवी मी त्यांच्याशी चहावर आनंदाने वाद घातला असता. पण सासूबाईंचं दुःख त्यांच्या मुद्द्याचा पुरावा नाही. महाराजांनी तिच्या दुःखातून प्रवचन काढलं, तेही तेच करताहेत.

कर्करोगाबद्दल आईशी बोलायचं असेल तर तुम्ही बोलू नका. ज्यांनी दोन वर्षं उपचार केले त्या डॉक्टरांची वेळ मागा. मूल गेल्यानंतर आईवडील पुन्हा भेटायला येतात हे त्या डॉक्टरांना नवं नसतं. भेट जमत नसेल तर तिथल्या समाजसेवा विभागात फोन करून पाहा, मोठ्या कर्करोग रुग्णालयांमध्ये तो असतो. आईला सोबत न्या आणि तिच्यासमोर एकच प्रश्न विचारा: "आमच्या हातून काय राहिलं?" मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. आईबापांनी काय खाऊ घातलं, काय केलं, काय राहिलं याने तो होत नाही, आणि तो का उलटला याचं उत्तर त्या पेशींमध्ये असतं, घरच्यांच्या वागण्यात नसतं. तुम्ही हे कितीही वेळा सांगितलं तरी आईला ती लेकीने घातलेली समजूत वाटेल. ज्या डॉक्टरांच्या तोंडाकडे तिने दोन वर्षं बघितलं त्यांनी म्हटलं तर ते कानात शिरण्याची शक्यता जास्त. तुमच्या भावजयीलाही ते ऐकू द्या. ती काही बोलत नाही असं तुम्ही लिहिता, पण न बोलणाऱ्या आईच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज मला आहे, तुम्हालाही असेल.

याहून जास्त उपयोग मला दिंडीतल्या बायकांचा वाटतो. अठरा वर्षं ज्यांच्याबरोबर ती चालली, एका राहुटीत झोपली, पाण्याच्या टँकरखाली आंघोळ केली, त्या कुठे आहेत? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. मातीला आल्या असतील, मग गेल्या. त्यांच्यात एखादी तरी असणार जिने लेकरू किंवा नातवंड गमावलं आहे. चालताना हे बोलणं होतं, आईला कोण ते माहीत असणार. तिला शोधा, भाडं द्या, चार दिवस राहायला बोलवा. येताना हरिपाठाची पोथी नको, उपदेश नको, एवढं आधी सांगून ठेवा. दोघींनी भाजी निवडली, दुपारी आडव्या झाल्या, तरी पुष्कळ झालं. आई देवाला शिव्या देईल ती हिच्यासमोर देईल. तुमच्यासमोर देणार नाही, कारण तुम्ही लगेच घाबरता.

आणि समजा, एवढं करूनही आईने माळ कधीच घातली नाही तर? तर ती माळ नसलेली तुमची आई. चौसष्टाव्या वर्षी तिचा देवावरचा विश्वास खरोखर संपला, तर तोही तिचा अधिकार आहे. तिची पुण्याई वाया जाते का, लोक काय म्हणतात, या प्रश्नांची उत्तरं तिच्यावतीने तुम्हाला द्यायची नाहीत. ती कधी तुम्हाला विचारेल, "पोर आता कुठं असेल गं?" तेव्हा स्वर्गाचं वर्णन करू नका आणि "कुठंच नाही" असंही म्हणू नका. मला माहीत नाही आई, तुला काय वाटतं, असं म्हणा. तुम्हाला खरंच माहीत नाही, त्यामुळे त्यात खोटं काही नाही.

आता छोट्याकडे. त्याला सांगितलं गेलं की बाप्पाने ताईला आपल्या घरी नेलं. पाच वर्षांच्या मुलाने यातून जे समजायला हवं तेच तो समजला: देवघरात राहणारा कुणीतरी मुलं घेऊन जातो. त्यात आजीने तसबिरीचं तोंड भिंतीकडे केलेलं त्याने पाहिलं, म्हणजे आजीसुद्धा घाबरते. परवा त्याला ताप आला तेव्हा तो पांघरूण डोक्यावरून घेऊन लपला असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. त्याला सरळ सांगा, शक्यतो आई किंवा वडिलांनी, जमत नसेल तर आत्या म्हणून तुम्ही. "ताईला रक्ताचा एक मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, तरी तो बरा झाला नाही. मग तिचं शरीर चालायचं थांबलं, म्हणजे ती मेली. ती परत येणार नाही. तुला ताप आला होता तो साधा होता. तो आजार तुला झालेला नाही. ताईला तो तुझ्यामुळे झाला नव्हता, तू तिच्याशी भांडलास म्हणूनही नाही." ती झोपली असं म्हणू नका, नाहीतर तो झोपायला घाबरेल. गावाला गेली म्हणू नका, तो वाट बघेल. या वयाची मुलं तेच तेच पुन्हा विचारतात, कारण "कायमचं" हे त्यांना एकदम कळत नाही. दरवेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. बालवाडीच्या बाईंनाही हीच वाक्यं सांगून ठेवा. बाप्पाचं काय, असं त्याने विचारलं तर "बाप्पा मुलांना नेत नाही" एवढं ठामपणे म्हणा. तुमचा स्वतःचा विश्वास असो-नसो, हे वाक्य म्हणायला अडचण नसावी.

नारायण नागबळीबद्दल थोडक्यात. त्र्यंबकेश्वरचा तो तीन दिवसांचा विधी आहे, अकाली मृत्यूनंतर लोक करतात. भाऊ-भावजयीला स्वतःला करावासा वाटत असेल, लेकीसाठी काहीतरी केलं असं वाटून त्यांना बरं वाटणार असेल, तर मी अडवणार नाही. पण "नाही केलं तर धाकट्याला त्रास होईल" अशी भीती घालून कुणी करवत असेल तर नाही. आणि कर्ज काढून तर नाहीच. दोन वर्षांच्या उपचारांचं देणं अजून फिटायचं आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. सहा महिने थांबा, विधी कुठे पळून जात नाही. देवऋषी मात्र दारातूनच परत पाठवा. तो भावकीतल्या कुणाचं तरी नाव घेईल, अमक्याने करणी केली म्हणेल, आणि या घरातलं दुःख दुसऱ्या घरात भांडण होऊन शिरेल. एखाद्या माणसावर करणी केल्याचा आळ घालून त्याचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चुलत्यांना हे सांगायला हरकत नाही.

राहिली पालखी. भावाचा बेत मला पसंत नाही. दुःखाने मोडलेल्या, रक्तदाब वाढलेल्या, पाच महिने नीट न जेवलेल्या बाईला उन्हापावसात चालायला पाठवून ती बरी होईल हा नवसच झाला, फक्त भावाचा. तिने स्वतः म्हटलं, मला जायचंय, तर डॉक्टरांना विचारून एखादा टप्पा गाडीने, एखादा पायी असं बघता येईल. तिने म्हटलं नाही तर विषयच काढू नका.

त्या दिवशीसाठी तुम्ही रजा टाका आणि आदल्या रात्रीच गावी जा. आईला आधी विचारून ठेवा: दारात उभं राहायचं, आत बसायचं, की त्या दिवशी गावात थांबायचंच नाही? तिसरंही पूर्ण चालण्यासारखं आहे. पुण्याला तुमच्याकडे चार दिवस येऊन राहिली तर त्यात पळणं काही नाही. ती आत बसली तर भाऊ आणि तुम्ही दोघंही एकाच वेळी बाहेर जाऊ नका, एकाने तिच्याजवळ थांबा. टाळ-मृदंगाचा आवाज आतपर्यंत येणारच, तो बंद करता येत नाही. हातात आरतीचं ताट देऊन तिला कुणी उंबऱ्याशी आणून उभं करता कामा नये. शेजारणी विचारतील, "म्हातारी दिसत नाही?" तर "बरं नाही तिला" म्हणा. खोटं नाही ते.

दरवर्षी तुमच्या घरी एका दिंडीची पिठलं-भाकरी असते, त्याचं यंदा काय, हे तुम्ही ताज्या कलमात विचारलं आहे. आईला झेपणार नाही, भावजयीवर टाकणं अन्याय. दिंडीचालकांना निदान पंधरा दिवस आधी फोन करून यंदा जमणार नाही असं कळवा. त्यांना शिधा आणि मुक्काम आधीच ठरवावा लागतो, आयत्या वेळी कळवलं तर त्यांची पंचाईत होते. कारण सांगायची गरज पडणार नाही, त्यांना कळलेलं असेल. गावातल्या दुसऱ्या कुणी यंदाची पंगत घेतली तर घेऊ द्या, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघा. पण फोन करण्याआधी आईला सांगा. कदाचित ती म्हणेल, देवाचं मला काही सांगू नका, पण दिंडी उपाशी जाऊ द्यायची नाही. तसं म्हणाली तर पीठ किती लागेल ते तिलाच विचारा, आणि भाकरी थापायला बायका गावातून बोलवा.